झुंबर जास्वंद मूळची कोकणची नाही

गणपती जवळ आले की व्हॉट्सॲपवर झुंबर जास्वंदीचा, म्हणजे उलट्या लोंबणाऱ्या, कातरलेल्या पाकळ्यांच्या जास्वंदीचा, फोटो फिरायला लागतो. मजकूर थोडक्यात असा: ही अस्सल कोकणी जास्वंद, स्तोत्रांतलं ‘जपाकुसुम’ ते हेच, इंग्रजांनी ती इथून पळवली, आणि आता नर्सरीतल्या हायब्रिड जास्वंदींनी तिला संपवत आणलंय. यातला फोटो तेवढा खरा.

झाड पूर्व आफ्रिकेचं, केनिया-टांझानियाच्या किनारी भागातलं. झांझिबारला ब्रिटिशांचा वाणिज्यदूत (कॉन्सल) असलेल्या जॉन कर्क या डॉक्टरने ते लंडनच्या क्यू बागेपर्यंत पोचवलं. १८७९ मध्ये त्याचं वर्णन छापून आलं ते नेहमीच्या जास्वंदीचाच एक प्रकार म्हणून. पुढच्याच वर्षी वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकरने तिला स्वतंत्र जातीत बसवलं. तेव्हा इंग्रजांनी पळवली म्हणायचंच असेल तर आफ्रिकेतून म्हणा.

आता जपाकुसुम. नवग्रहस्तोत्रात सूर्याला ही उपमा दिली आहे ती लालीसाठी. कातरलेल्या पाकळीचा तिथे मागमूस नाही. आपल्याच किनाऱ्याला खाली मलबारात डचांनी तयार करवलेल्या ‘हॉर्तुस मलाबारिकुस’ या वनस्पतिग्रंथात (१६७८–१६९३) तांबडी जास्वंद चित्रासकट आहे, झुंबर नाही. गंमत अशी की त्या तांबडीचंही रानातलं झाड कोणाला सापडलेलं नाही. जिथे दिसते तिथे माणसाने लावलेलीच. मग अस्सलपणाचा एवढा आग्रह कशापायी?

‘बी धरत नाही, म्हणजे प्रयोगशाळेत केलेली’ अशी पुस्ती काहीजण जोडतात. त्या हिशेबाने घरामागची केळ पण बाद करावी लागेल. आपल्याकडे जास्वंद फांदीनेच वाढते. पावसाच्या तोंडावर शेजाऱ्याकडून एक फांदी आणायची, गडग्याच्या कडेला खोचायची, की झालं.

हायब्रिडने संपवली, हे तर साफ उलटं. तांबड्या जास्वंदीशी झुंबराचा संकर सहज होतो, आणि बागेतल्या कितीतरी हायब्रिडांत तिचा अंश आहे. तुमच्या वईतली (कुंपणातली) ‘झुंबर’ही कदाचित त्यातलीच असेल.

तपासायला फूल खुडायची गरज नाही. अस्सल झुंबराचा देठ लांब आणि बारीक, फूल पार उलटं लोंबतं, पाकळ्या चिरत गेलेल्या आणि मागे वळलेल्या, आणि केसराची दांडी पाकळ्यांच्या बरीच खाली उतरलेली. मग फुलाच्या बुडाशी, हिरव्या नळीखाली बघा. साध्या जास्वंदीला तिथे बारीक हिरव्या पट्ट्यांचं कडं स्पष्ट दिसतं. झुंबरात त्या इतक्या खुरट्या असतात की डोळे बारीक करून शोधाव्या लागतात. कडं ठळक आणि पाकळ्या अर्धवट कातरलेल्या असतील, तर तो बहुधा संकर. फोटो पुढे ढकलण्याआधी एवढं तरी बघा.