चिप्स टाकाव्यात तर अशा

दिवाळीत कोथरूडच्या एखाद्या गच्चीवर तीन पत्तीऐवजी पोकर मांडायचं ठरलं, की आधी नियम वाचू नका. तीन पत्ती येते, तेवढं भांडवल पुरे. ब्लाइंड म्हटलं की पानं पालथीच ठेवून ऐटीत बसा. इथे ब्लाइंड म्हणजे बटनाच्या (डीलरची जागा दाखवणाऱ्या चकतीच्या) डावीकडच्या दोघांनी पानं वाटण्याआधी सक्तीने भरायच्या चिप्स, असं कोणी सांगू लागलं तर 'आमच्याकडे असंच खेळतात' म्हणावं.

खरी कला चिप्स टाकण्यात. समजा, ब्लाइंड 10 आणि 20 चे आहेत आणि समोरच्याने रेझ करून, म्हणजे वाढवून, 60 केले. तुम्ही आधी 60 सरकवा. थांबा. त्याचा चेहरा नीट न्याहाळा. जरा पडलेला दिसला की पुन्हा ढिगाकडे हात न्या आणि वर 100 ठेवा. तुळशीबागेत आपण भाव असाच तर करतो! टेबलावर याला स्ट्रिंग बेट म्हणतात; डीलर पहिले 60 कॉल, म्हणजे नुसती बरोबरी, म्हणून धरतो आणि वरचे 100 परत ढकलतो. 'रेझ 160' असं आधी बोलून टाकलं असतं तर भानगडच नव्हती. पण मग चेहरा कधी वाचणार?

याच 60 समोर एक शब्द न बोलता 500 ची एकच चिप भिरकवा. तोही कॉलच, 440 परत. 'माझ्या मनात रेझ होतं' हे त्यानंतर सांगा. मनातल्या रेझला किंमत नाही, हे डीलरला दर वेळी नव्याने समजावू द्या.

हिशोबात तर अजिबात पडू नका. 20 वरून 60, म्हणजे वाढ 40 ची. तेव्हा पुढचं रेझ किमान 100 चं. तुम्ही 80 ठेवा. निम्मी वाढ भरली म्हणून बहुतेक ठिकाणी 100 पुरे करायला लावतात. 70 ठेवले असते तर नुसता कॉल झाला असता. भांडायला दोन्ही आकडे चांगले.

चिप्स आपल्यासमोर चळत लावून ठेवायच्या असतात. तुम्ही मात्र लग्नात अक्षता टाकतात तशा थेट पॉटवर, म्हणजे मधल्या सामायिक ढिगावर, उधळा. किती पडल्या ते कळायला अख्खा पॉट मोजावा लागतो. तेवढ्यात चहा मागवता येतो. मोठ्या चिप्स छोट्यांच्या मागे दडवा. आणि पाळी नसताना पानं फेका, म्हणजे मधल्या भिडूला फुकटात कळेल की मागे एक जण कमी झाला.

पैसे लावणार असाल तर 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा अजून ठणठणीत आहे. कॅसिनोंसाठी महाराष्ट्राने 1976 साली केलेला कायदा मात्र कधी लागूच झाला नाही आणि 2023 मध्ये रद्द झाला. म्हणून तर हौशी पुणेकर पणजीत मांडवीवरच्या बोटी गाठतात आणि तिथेही शेजाऱ्याला पानं दाखवून 'घालू का रे अजून?' विचारतात.

रिव्हरवर, म्हणजे टेबलावरचं शेवटचं पान उघडल्यावर, शेवटचं रेझ ज्याचं, त्याने आधी पानं उघडायची. ते तुमचं असेल तर 'तू दाखव ना आधी' म्हणत बसा. समोरच्याने वैतागून पानं डीलरकडे सरकवली तर दुर्री-तिर्रीवर पॉट तुमचा. पुढच्या शनिवारचा निरोप ग्रुपवर दिसला नाही, तर नेटवर्कला दोष द्या.