‘सगळ्या नकली गाड्या’ : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

जुन्या फनी कारवरच्या, म्हणजे पाव मैलाच्या सरळ ड्रॅग शर्यतीत पळणाऱ्या अमेरिकन गाड्यांवरच्या, माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन भागण्यासारखं नाही, म्हणून इथे स्वतंत्रपणे लिहितो. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डजवळ फामोसोच्या ट्रॅकवर आज ज्या ‘सत्तरच्या दशकातल्या’ गाड्या पळतात, त्यांची बॉडी नवी, इंजिन नवं, चासी म्हणजे खालचा सांगाडासुद्धा नवा. जुनं काय, तर बाजूला रंगवलेलं नाव. मग या गाड्या टिकल्या असं कसं म्हणायचं? पैसेवाल्या अमेरिकन म्हाताऱ्यांची हौस म्हणा आणि मोकळे व्हा. वर पेट्रोलची नासाडी. आणि शेवटी आव्हान : एक तरी अस्सल गाडी दाखवा.

पेट्रोलचं आधी उरकतो. पळताना त्या गाड्यांत पेट्रोल नसतंच मुळी, नायट्रोमिथेन असतं. एक किलो पेट्रोल जाळायला साधारण 14.7 किलो हवा लागते, नायट्रोमिथेनला 1.7 किलो पुरते, कारण ऑक्सिजन त्याच्या रेणूतच असतो. किलोमागे ऊर्जा पेट्रोलच्या पाव हिश्शाएवढीच, पण तेवढ्याच हवेत इंजिन आठपटीहून जास्त नायट्रो गिळतं. हिशेब केलात तर ताकद दुपटीच्या वर जाते. आता याला नासाडी म्हणायचं तर खुशाल म्हणा, त्यावर मी वाद घालणार नाही.

मूळ मुद्दा वेगळा आहे. 1970 साली ‘एक’ अस्सल गाडी होती आणि आज तिची नक्कल पळते, असं तुम्ही धरून चालला आहात. तशी एक गाडी होतीच कुठे?

1965 मध्ये क्रायस्लरने काही डॉज आणि प्लिमथ गाड्यांची मागची चाकं 15 इंच आणि पुढची 10 इंच पुढे सरकवली. सुटताना गाडीचं वजन मागच्या टायरवर पडावं, एवढाच हेतू. गाडी दिसायला इतकी विचित्र झाली की लोक हसले आणि ‘फनी’ हे नाव तिथून चिकटलं. एनएचआरए या ड्रॅग शर्यतींच्या मोठ्या संघटनेने या गाड्यांना आपल्या वर्गात घ्यायला नकार दिला, तेव्हा त्या गावोगावच्या ट्रॅकवर ठरवून लावलेल्या झुंजींत पळू लागल्या. पुढच्याच वर्षी मर्क्युरी कॉमेट आली. खाली मिशिगनच्या लॉगी बंधूंनी वेल्डिंग करून उभी केलेली नळ्यांची चासी आणि वर फायबरचं अख्खं कवच, मागे बिजागरी लावलेलं आणि पुढून उचललं जाणारं. डॉन निकल्सनने ती पळवली आणि बाकीच्यांच्या पत्र्याच्या गाड्या एका हंगामात जुन्या झाल्या. तेव्हापासून फनी कार म्हणजे साच्यातून काढलेलं कवच. ते जळलं की त्याच साच्यातून दुसरं काढायचं. म्हणजे तुम्ही ज्याला मूळ बॉडी म्हणता तीच बऱ्याचदा दुसरी किंवा तिसरी असायची.

आणि नावाचं म्हणाल तर 1969 ची विंटरनॅशनल्स बघा. फनी कारला स्वतंत्र गट मिळाल्यावरची ती पहिली मोठी स्पर्धा. जिंकली ‘जंगल जिम’ नावाच्या शेव्ही नोव्हाने. जंगल जिम म्हणजे जिम लिबरमन, पण त्या गाडीत बसला होता क्लेअर सँडर्स! लिबरमन एकाच नावाच्या एकाहून जास्त गाड्या फिरवायचा, कारण मागणी तेवढी होती. ‘ब्लू मॅक्स’ हे नाव आधी हॅरी श्मिटचं. पुढे ते रेमंड बीडलकडे आलं आणि त्याने 1979 ते 1981 अशी लागोपाठ तीन विजेतेपदं त्याच नावावर घेतली. ‘शाय-टाऊन हस्लर’ साठच्या दशकात लांबलचक धुराच्या बर्नआउटसाठी, म्हणजे शर्यतीआधी टायर गरगर फिरवून धूर काढण्यासाठी गाजली आणि त्याच नावाने फ्रँक हॉलीने 1982 आणि 1983 ची विजेतेपदं जिंकली. मधल्या काळात किती बॉड्या बदलल्या असतील ते तुम्हीच समजा.

आपल्याकडच्या तमाशाच्या फडाचा हिशेब इथे चपखल बसतो. सुपारी ठरायची, फड गावात यायचा, नाव मालकाचं, आत नाचणारे-गाणारे दर हंगामाला बदललेले. फनी कारवाल्यांचं पोटही याच सुपारीवर चालायचं. ट्रॅकचा मालक ठरावीक रक्कम द्यायचा, तीन शर्यतींपैकी दोन जिंकेल तो विजेता, आणि त्याच रात्री ट्रेलर पुढच्या गावाकडे. जत्रेत कोणी विचारतं का, की ढोलकी गेल्या वर्षीचीच आहे ना?

मग जुन्या गाड्या गेल्या कुठे? हंगाम संपला की इंजिन काढून ठेवायचं आणि उरलेला सांगाडा विकायचा. घेणारा त्यावर दुसरी बॉडी आणि दुसरं नाव चढवायचा. काही सांगाडे समुद्रापार गेले, काही खालच्या वर्गात अल्कोहोलवर पळाले, बरेच कापले गेले. आणि आगी! या गाडीत इंजिन पुढे, ड्रायव्हर त्याच्या मागे, वरून फायबरचं झाकण. कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकला भोक पडलं की तेल तापलेल्या एक्झॉस्टवर उडतं आणि ज्वाळा थेट तोंडावर येतात. म्हणून तर छतालाच निसटायची झडप ठेवतात. शर्ली मल्डाउनी 1973 मध्ये इंडियानापोलिसला अशाच आगीत भाजली आणि फनी कार सोडून टॉप फ्युएल या लांब, उघड्या गाड्यांच्या वर्गाकडे वळली. जिथे माणूस वाचला हेच नशीब, तिथे गाडी सांभाळून ठेवायचा विचार कोण करतो?

आता तुमच्या म्हणण्यातला जो भाग मला पटतो तो. पूर्ववत केलेली गाडी, नव्याने उभारलेली गाडी आणि नुसतं जुनं नाव लावलेली गाडी, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि गाडीसमोरच्या पाटीवर तसं स्पष्ट लिहिलं पाहिजे. काही मालक मुद्दाम मोघम लिहितात, तेव्हा माझंही डोकं फिरतं. पण अस्सलपणा तपासायची रीत आहे, आणि मला या सगळ्या प्रकरणात तीच सर्वांत रंजक वाटते. चासीवरचा रंग खरवडतात. कुठल्या नळीवर कापून टाकलेल्या ब्रॅकेटचा बुंधा दिसतो, कुठे बुजवलेलं भोक, कुठे जोड दिलेली नळी. मग जुने फोटो काढून बसतात आणि बॉडीचे आधार त्या साली नेमके कुठे होते ते जुळवतात. सगळे रंग उतरल्यावर खाली नाव सापडेलच असं नाही, पण वेल्डिंगचे टाके खोटं बोलत नाहीत. एकेका कारागिराचा हात त्या टाक्यांवरून ओळखणारे लोक आहेत.

बरं, अशी अस्सल चासी सापडली तरी ती घेऊन पूर्ण वेगाने पळता येत नाही, हे तुमच्या प्रतिक्रियेत आलेलंच नाही. शर्यतीला उतरायचं तर चासीला आजच्या सुरक्षा नियमांचं प्रमाणपत्र लागतं, आणि 1970 चा, ड्रायव्हरभोवतीचा नळ्यांचा पिंजरा त्यात बसत नाही. बसवायचा तर कापाकापी करावी लागते, म्हणजे जे जपायचं तेच घालवायचं. म्हणून वाटा दोन झाल्या. जुनी चासी प्रदर्शनात उभी राहते आणि फार तर जागेवर सुरू करून दाखवली जाते. फामोसोच्या हॉट रॉड रियुनियनमध्ये 2000 पासून ‘कॅकलफेस्ट’ भरतो तो यासाठीच. पळणारी गाडी मात्र नव्या चासीवर जुन्या आकाराचं कवच चढवून बनते आणि पाव मैल साडेपाच-पावणेसहा सेकंदांत संपवते. डॉन प्रुडोमने 1975 मध्ये फनी कारची पहिली सहाच्या आतली वेळ दिली ती 5.98 होती. म्हणजे तुमच्या त्या ‘नकली’ गाड्या अस्सलपेक्षा जोरात पळतात.

आणि जागेवर सुरू करणं म्हणजे काहीतरी कमी, असंही समजू नका. कवच उचलून टेकू लावतात. ब्लोअरच्या, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंपाच्या, तोंडाला स्टार्टर जोडतात. हा ब्लोअर मूळचा जीएमसीच्या टू-स्ट्रोक डिझेल इंजिनाचा, सहा सिलिंडर आणि प्रत्येकी 71 घनइंच, म्हणून नाव 6-71. कोणीतरी बाटलीतून पेट्रोलची धार वरच्या तोंडात सोडतं, इंजिन पेटतं, मग नायट्रोचा कॉक उघडतात आणि आवाज एकदम जड होतो. डोळे चुरचुरतात, नाकातून पाणी येतं, जवळचे मेकॅनिक गॅसचा मुखवटा चढवतात. त्या वासाला 1970 किंवा आज असं काही लागू पडत नाही.

हौशीबद्दल एवढंच म्हणतो की हौस नसती तर काहीच उरलं नसतं. प्रुडोम आणि टॉम मॅकयुअन या ड्रायव्हरांच्या गाड्यांवर 1970 मध्ये हॉट व्हील्सचं नाव झळकलं, म्हणजे मॅटेल या खेळणी कंपनीचं. तुमच्या मुलांच्या खोक्यात पडलेल्या त्या छोट्या गाड्या त्याच कंपनीच्या. हंगाम सरले, ट्रकसुद्धा विकले गेले. प्रुडोमने पुढे म्हातारपणी गाडी वाहून न्यायचा आपला जुना डॉज ट्रक शोधून पूर्ववत करून घेतला. कंपनीने नाही, संघटनेने नाही, ज्याचा होता त्याने.

राहिलं तुमचं आव्हान. पत्र्याची अस्सल गाडी हवी असेल तर 1965 च्या त्या चाकं सरकवलेल्या डॉज-प्लिमथ बघा. त्यांतल्या काही अजून आहेत आणि ओळखू येतात, कारण बॉडी पत्र्याची आणि कारखान्याचा हात लागलेला. फायबरच्या पिढीत तसं ओळखणं फार अवघड. पुढचा लेख त्या 1965 च्या गाड्यांवरच लिहायला घेतलाय, तिथे भांडायला जरूर या.