चारही बाजूंना ‘स्टॉप’ हवे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. अमेरिकेतील शाळेजवळच्या चौकांत चारही बाजूंना ‘स्टॉप’ची पाटी लावण्याची घाई करू नये, असे मी मागच्या लेखात लिहिले होते. त्यावर आपण विचारले आहे, की पाच अपघात होईपर्यंत वाट पाहायची का, आणि मोजणी गाड्यांचीच होणार असेल तर चालत जाणाऱ्या मुलांना कोण मोजणार? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पहिल्याला तर माझेच लिखाण कारणीभूत झाले, कारण पाच अपघातांचा आकडा मी जणू तोच एक निकष असल्यासारखा मांडला.

रस्त्यावरच्या पाट्यांसाठी अमेरिकेत जी संघीय नियमपुस्तिका पाळली जाते, तिची अकरावी आवृत्ती डिसेंबर २०२३ मध्ये निघाली. चार रस्ते मिळणाऱ्या चौकासाठी तीत १२ महिन्यांत ५ किंवा ३६ महिन्यांत ६ अपघात असा निकष आहे, आणि तेही या पाटीने टळू शकले असते असे, म्हणजे आडव्या धडकेचे किंवा वळताना झालेले. मात्र एकही अपघात झालेला नसला, तरी आडरस्त्यावर थांबलेल्या चालकाला मुख्य रस्त्यावरची गाडी पुरेशी आधी दिसत नाही असे पाहणीत आढळले, तर तेवढ्यावरही अशी पाटी लावता येते. हे मी लेखात लिहायला हवे होते.

आता मुलांविषयी. वर्दळीच्या निकषात मुख्य रस्त्यावरून दिवसातले कोणतेही आठ तास ताशी सरासरी ३०० वाहने यावी लागतात आणि त्याच तासांत आडरस्त्यावरून ताशी २००; पण या दोनशेमध्ये पादचारी आणि सायकलस्वारही धरले जातात. म्हणजे आडरस्त्याकडून चालत येणारे मूल त्या नोंदीत गाडीइतकेच मोजले जाते. तरीही आपली तक्रार पुरती खोडता येत नाही, कारण शाळेची मुले आठ तास येत नाहीत. ती वीस मिनिटांत लोंढ्याने येतात आणि आठ तासांच्या हिशेबात दिसेनाशी होतात. म्हणूनच, पादचाऱ्यांची ये-जा हे वेगळे कारण म्हणून विचारात घेण्याची मुभा पुस्तिकेने ठेवली आहे, आणि आपल्या अर्जात भर त्यावरच असावा असे मला वाटते.

पाटीमुळे वेग कमी होईल, हे आपले म्हणणे मात्र मला मान्य नाही. वेग आवरण्यासाठी ‘स्टॉप’ वापरू नये, असे पुस्तिकाही सांगते. आडरस्त्यावरून क्वचितच कोणी येते अशा एका चौकात, जिथे चारही बाजूंना पाट्या आहेत, मी एका सकाळी तासभर उभा होतो. रोज जाणारे चालक पाटीपाशी वेग थोडा उतरवत, डावी-उजवीकडे गाडी आहे का एवढेच पाहत आणि चाक पुरते न थांबवताच पुढे निघत. पदपथाच्या कडेकडे कोणाचे लक्ष नव्हते. दप्तर घेतलेली एक मुलगी पाटीवर विसंबून रस्त्यावर उतरली आणि समोरची गाडी थांबत नाही हे पाहून दचकून मागे सरली. पाटी नसती तर ती उतरण्यापूर्वी थांबली असती, असे मला आजही वाटते. कारणाशिवाय लावलेली पाटी चालक पाळेनासे होतात, पण मुले तिच्यावर विश्वास ठेवतच राहतात. माझा विरोध आहे तो याला.

आपल्या चौकात कोपऱ्याला लागून सकाळी व्हॅन उभ्या असतात, असे आपण लिहिले आहे. मला सर्वांत महत्त्वाची माहिती हीच वाटली. ताशी ३० मैलांनी येणारी गाडी सेकंदाला ४४ फूट कापते आणि चालकाला धोका दिसल्यापासून ती थांबेपर्यंत सुमारे २०० फूट धरावे लागतात. आडरस्त्याच्या थांबरेषेवर, चालकाच्या डोळ्याच्या उंचीवरून, म्हणजे जमिनीपासून साडेतीन फुटांवरून, दोन्ही बाजूंना किती अंतर मोकळे दिसते ते आधी मोजावे. एकदा व्हॅन उभ्या असताना आणि एकदा नसताना. फरक व्हॅनमुळेच पडत असेल, तर कोपऱ्याजवळचे पार्किंग बंद करणे हा पाटीहून नेमका उपाय ठरेल. जागा मोकळी करूनही दिसत नसेल, तर चारही बाजूंच्या पाट्यांसाठीच्या आपल्या अर्जावर मीही सही करीन. शाळा भरण्याच्या वेळची ही दोन्ही मोजमापे मला कळवावीत.