पिवळा दिवा नसलेल्या पडद्यावरचा पिवळा

चतुर्थी जवळ आली, कुडाळ-सावंतवाडीकडच्या गणपतीच्या शाळांतून रंगकाम सुरू झाले, की आमच्या व्हॉट्सॲपवर एक जुना संदेश पुन्हा फिरू लागतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : तांबडा, पिवळा आणि निळा हे तीनच निसर्गाचे मूळ रंग असून ते अन्य कोणत्याही रंगांपासून तयार होत नाहीत, उरलेले सर्व रंग मात्र या तिघांपासून होतात, टीव्ही-मोबाईलवाले ‘लाल, हिरवा, निळा’ म्हणतात ती यंत्राची सोय आहे, आणि हे तीन सारख्या प्रमाणात मिसळले की पांढरा होतो, हे न्यूटनने सिद्ध केले आहे. मी लहानपणी अशाच एका शाळेत मूर्तींची पितांबरे रंगवली आहेत, त्यामुळे हा विश्वास कोठून येतो ते मला समजते; तरीही या संदेशातील एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही.

पहिले विधान निसर्गाविषयीचे आहे. सूर्यप्रकाशात तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत तरंगलांब्यांची (प्रकाशाच्या दोन लाटांमधील अंतरांची; रंग याच अंतरावरून ठरतो) सलग रांग असते आणि तिच्यातील कोणत्याही तिघांना निसर्गाने वेगळा मान दिलेला नाही. ‘तीन’ हा आकडा आपल्या डोळ्यातून येतो. आपल्या दृष्टिपटलावर रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असून त्या साधारणपणे ४२०, ५३० आणि ५६० नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात. डोळ्यात असे तीन ग्राहक असावेत हा तर्क टॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०२ मध्येच मांडला होता. पुष्कळ पक्ष्यांच्या डोळ्यांत अशा पेशी चार प्रकारच्या असतात. त्यांनी चित्रशाळा काढली असती तर मूळ रंग चार मानले असते.

पिवळा कशापासूनही होत नाही, हे विधान तपासायला पावसाळ्याइतका चांगला काळ नाही. एसटीच्या थांब्यावर उभे असताना मोबाईलच्या चालू पडद्यावर पावसाचा बारीक थेंब पडतो, तेव्हा तो भिंगासारखे काम करतो आणि त्याखाली तांबडे, हिरवे, निळे ठिपके दिसू लागतात. पडद्यावर झेंडूच्या फुलाचे चित्र असेल तर त्या पिवळ्या भागात केवळ तांबडे आणि हिरवे ठिपके पेटलेले असतात, पिवळा ठिपका तेथे नसतोच. सोडियमच्या वाफेचा सुमारे ५८९ नॅनोमीटरचा शुद्ध पिवळा प्रकाश आणि हे तांबड्या-हिरव्याचे मिश्रण या दोन्ही गोष्टी भौतिकदृष्ट्या अगदी निराळ्या आहेत, परंतु शंकुपेशींना दोन्हींकडून सारखाच निरोप पोचतो.

मग ही केवळ यंत्राची सोय ठरते का? याचे उत्तर दशावताराच्या रंगमंचावर मिळते, आणि संदेशातील सर्वात मोठा घोटाळाही येथेच आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. एका दिव्यापुढे तांबडा आणि दुसऱ्यापुढे हिरवा जिलेटिनचा कागद लावून दोन्ही झोत पांढऱ्या पडद्यावर एकाच जागी टाकले, तर तेथे पिवळे दिसते. मध्ये दशावतारातला राक्षस संकासुर उभा राहिला तर त्याच्या दोन सावल्या पडतात, एक तांबडी आणि एक हिरवी, कारण प्रत्येक सावलीत एकेका दिव्याचा प्रकाश अडलेला असतो. आता तेच दोन कागद एकावर एक ठेवून एकाच दिव्यापुढे धरा. पडदा जवळजवळ काळा होतो, कारण तांबड्या कागदाने जे सोडले ते हिरव्याने गिळले. पहिल्या प्रयोगात प्रकाशात प्रकाशाची भर पडली, दुसऱ्यात प्रकाशातून वजाबाकी झाली. वाटीतले रंग दुसऱ्या वाटेने जातात. निळा आणि पिवळा रंग कालवला की हिरवा होतो, तो दोन्ही रंगद्रव्ये गिळून संपल्यावर थोडा हिरवा प्रकाश शिल्लक राहतो म्हणून. निळा आणि पिवळा प्रकाश योग्य प्रमाणात एकत्र आणला तर पांढरा मिळतो. हा फरक हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५२ मध्ये स्पष्ट केला. १८६१ मध्ये मॅक्सवेल या स्कॉटिश शास्त्रज्ञाने तांबड्या, हिरव्या व निळ्या गाळण्यांतून घेतलेली तीन छायाचित्रे एकावर एक टाकून रंगीत फितीचे चित्र लंडनमध्ये दाखवले, तेव्हा टीव्ही जन्मालाही आला नव्हता.

वजाबाकीच्या बाजूलाही संदेशातील त्रिकूट सर्वोत्तम नाही. लग्नपत्रिकेवरचा गणपती भिंगातून पाहिला तर सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा असे ठिपके दिसतात. मॅजेंटा, म्हणजे आपल्याकडचा राणी रंग, आणि पिवळा यांच्यापासून तांबडा होतो. सायन, म्हणजे हिरवट छटेचा आकाशी, आणि मॅजेंटा यांच्यापासून निळा होतो. म्हणजे ‘न होणारे’ दोन्ही रंग छापखान्यात रोज होतात. चित्रशाळेत शेल्यासाठी जांभळा करताना शेंदरीकडे झुकणाऱ्या तांबड्यात निळा घातला की मातकट तपकिरी का होतो, हे आम्हाला तेव्हा कोणी सांगितले नव्हते. त्या तांबड्याने निळा प्रकाश आधीच गिळलेला असतो. राणी रंग घेतला असता तर शेला साधला असता.

‘सर्व रंग तिघांतून’ हेही खरे नाही. कोणतीही तीन रंगद्रव्ये किंवा तीन दिवे घेतले तरी त्यांच्या आवाक्याबाहेर काही झळझळीत रंग उरतातच. (हळदीत चुना घालून होणारा तांबडा रंग काही जण येथे पुरावा म्हणून मांडतात, परंतु ती रासायनिक क्रिया आहे, रंगांचे मिश्रण नव्हे, नाहीतर पिवळा अधिक पांढरा बरोबर तांबडा असा नियम करावा लागेल.)

राहिला न्यूटन. त्याने काचेच्या त्रिकोणी लोलकाने (प्रिझमने) फाकलेला प्रकाश भिंगाने पुन्हा एकत्र आणून पांढरा मिळवला, आणि तो तीन रंगांचा नव्हे, संपूर्ण पट्ट्याचा होता. रंगांच्या भुकट्या मिसळण्याचा प्रयोगही त्याने १७०४ च्या आपल्या ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथात दिला आहे, आणि त्या भुकट्यांत आपल्या जुन्या चिताऱ्यांची हरताळ (एक पिवळे खनिज) हीही होती. मिश्रण करडे झाले. ते भर उन्हात ठेवून शेजारी सावलीत पांढरा कागद ठेवला, तेव्हा दोन्ही सारखेच पांढरे दिसले, कारण करड्यावर पडणारा प्रकाश कितीतरी अधिक होता.