‘पहिल्या रात्रीचा हक्क’: असा कायदा होता का?

मध्ययुगीन युरोपात कुळाच्या नव्या नवरीवर पहिल्या रात्री जमीनदाराचा कायदेशीर हक्क असे, हा मजकूर पुन्हा फिरतो आहे. सोबत ‘ब्रेव्हहार्ट’ या स्कॉटलंडवरच्या सिनेमातला प्रसंग पुरावा म्हणून जोडलेला. सिनेमा म्हणजे काही दप्तर नव्हे. स्कॉटलंडमध्ये असा कायदा असल्याचा पुरावा नाही.

तिथल्या गोष्टीचं मूळ प्रबोधनकाळातल्या एका पुस्तकात आहे. ॲबरडीनचा विद्वान हेक्टर बोईस याचा लॅटिन भाषेतला स्कॉटलंडचा इतिहास १५२७ मध्ये पॅरिसला छापून आला. एव्हेनस राजाने सरदारांना हा हक्क दिला आणि ११व्या शतकात तिसऱ्या माल्कम राजाने तो काढून त्याऐवजी पैसे घ्यायची पद्धत घातली, असं त्यात आहे. गंमत म्हणजे हा एव्हेनस राजा कधी झालाच नाही!

पैसे मात्र खरे. मुलीचं लग्न ठरलं की कुळाने मालकाला ‘मर्चेट’ नावाची रक्कम द्यायची. इंग्लंडच्या जहागिरींच्या दप्तरांत तिच्या ढीगभर नोंदी आहेत. या रुक्ष वसुलीला बोईसच्या पुस्तकाने चटकदार पूर्वकथा चिकटवली. पुढे नाटकवाल्यांनीही ती उचलली.

बळजबरी होत नव्हती असा याचा अर्थ नाही. ती करायला कायदा लागत नव्हता. आजच्या स्पेनमधल्या कॅटालोनियातल्या शेतकऱ्यांनी १४६२ मध्ये अशा प्रकारांची तक्रार केली, तेव्हा जमीनदारांनी कानावर हात ठेवले. तिथल्या फर्डिनांड राजाने १४८६ च्या निवाड्यात मात्र त्यावर स्पष्ट बंदी घातली.