तटस्थ माणूस दाव

‘तुमच्यापेक्षा तुमच्या प्रतिसादकाला संशोधनपद्धती जास्त कळते.’

मंगळवारी परत आलेल्या माझ्या संशोधन प्रकल्पातल्या प्रकरणाच्या समासात लाल शाईनं हा शेरा होता. खाली मार्गदर्शक मॅडमनी एक हसरा चेहराही काढला होता. सेहेचाळिसाव्या वर्षी, नोकरी सांभाळून नाट्य-चित्रपटाच्या एम.ए.ला बसलेल्या माणसाच्या कागदावर असले चेहरे काढू नयेत.

नाटक-सिनेमाचा नाद म्हणून मी प्रवेश घेतला. पहिल्या सत्रात ना नाटक, ना सिनेमा. नमुना निवड, गृहीतक, वैधता, विश्वसनीयता. पंगतीला बोलावून आधी भांडी मोजायला बसवावं तसं. विषय मिळाला, ‘कोल्हापुरातल्या एकपडदा थिएटरांचे प्रेक्षक’. एका थिएटरात आयुष्यभर डोअरकीपर असलेले एक आजोबा मोठ्या मुश्किलीनं मुलाखतीला तयार झाले. म्हणाले, संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर या, मी तिथंच असतो.

कट्ट्यावर म्हशी उभ्या. गिऱ्हाईक समोर धार काढून घेतंय, फेसासकट ग्लास तोंडाला लावतंय. आजोबांच्या शेजारी किटली मांडीवर घेऊन एक काका बसलेले. त्यांना कुणीही काही विचारलेलं नव्हतं. मी संमतीपत्र काढलं.

“कशाची सही?” काका.

“मुलाखतीला हरकत नाही म्हणून, आजोबांची.”

“हरकत आस्ती तर त्येनं बोलीवलं आस्तं व्हय? आमच्या चुलत्यानं आशीच एक सही केली, आठ गुंठं गेलं. सही करायची न्हाई ओ, आन्ना.”

आजोबांनी पेन परत दिलं. मी तोंडी संमती रेकॉर्ड करायला मोबाईल पुढं धरला. त्यात आजोबांचं ‘बरं’ आणि त्यावर म्हैस रेकल्याचा आवाज आहे. पुढं जसंच्या तसं लिहून काढताना ‘(म्हैस रेकते)’ असं मी सतरा वेळा लिहिलं. मॅडमनी त्यावर, म्हशीचा सहभाग ऐच्छिक होता का, असं विचारलंय. हा विनोद आहे की पद्धतीतली शंका, हे मला अजून कळलेलं नाही.

पहिला प्रश्न वाचला, “थिएटरातला सिनेमा आणि बसायची सोय तुम्हाला आवडायची का?”

आजोबा विचार करू लागले. काकांना विचार करायची सवय नसावी.

“सिनेमा झ्याक हुता, खुर्चीत ढेकणं हुती. आता व्हय लिवनार का न्हाई लिवनार? दोन म्हशींची धार एका चरवीत काडून फॅट इचारल्यागत हाय हे.”

एका प्रश्नात दोन प्रश्न कोंबू नयेत, हे पुस्तकात अख्ख्या पानभर दिलेलं आहे. मी ते वाचलंही होतं, खाली रेघ मारून.

मग मतं मोजायची पाच पायऱ्यांची मोजपट्टी काढली. रेन्सिस लायकर्ट या अमेरिकन संशोधकानं ती 1932 साली मांडली. त्याच साली आपल्या कोल्हापूरच्या ‘प्रभात’ फिल्म कंपनीनं पहिला मराठी बोलपट पडद्यावर आणला. ‘अयोध्येचा राजा’ आपल्याला आठवतो, परीक्षेला मात्र लायकर्ट येतो. मी पर्याय वाचले. पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्ण असहमत.

काकांनी किटली खाली ठेवली.

“तटस्थ? कोल्हापुरात तटस्थ मानूस दाव मला. कुस्ती आसू दे, फुटबॉल आसू दे, न्हाईतर इलेक्शन. लिवा माझं. नादखुळा. बघन्यासारका. मित्रानं तिकीट काडलं तर. टाइमपास. पैसं गेलं. झालं की पाच.”

आजूबाजूच्या चौघांनी लगेच याच पट्टीवर मतं द्यायला सुरुवात केली. एकानं दुसऱ्याला हाक मारली, दुसऱ्यानं तिसऱ्याला. याला स्नोबॉल सॅम्पलिंग म्हणतात. गंगावेशीत बर्फ नसतो, गोळा शेणाचाच म्हणायचा. मधेच काकांनी टीव्हीचं काढलं, “आमच्या गल्लीत कुनाच्या घरात त्यो टीआरपीचा मीटर न्हाई. मग ही मालिका कुनाला इचारून पाच वर्सं चालवत्यात?” निवडक घरांतल्या मीटरवरून सगळ्या प्रेक्षकांचा अंदाज बांधतात, असं मी सांगितलं. ते म्हणाले, “शिताव भात? पर शीत दुसऱ्याच्या ताटातलं.”

हेच काका पुढं पहिला बोलपट आपण स्वतः बघितल्याचं सांगत होते. वय फार तर पंचाहत्तर. मी हिशोब मांडला, तर म्हणाले, “आज्ज्यानं बघितला. आपन काय, आज्जा काय, एकच की.”

मॅडम म्हणतात, सांगोवांगीवर विसंबू नका, मूळ चित्रपट बघा. कुठनं बघू? बाबूराव पेंटरांनी याच गावात स्वतः कॅमेरा बनवला, 1920 साली ‘सैरंध्री’ केला. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचं स्मारक आहे, त्या काळातले मूकपट मात्र जवळपास नाहीतच. नायट्रेटची फिल्म, ठिणगी पुरते. भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ गांधीहत्येनंतरच्या 1948 च्या जाळपोळीत गेला. केशवराव भोसले नाट्यगृह, राजर्षी शाहूंनी बांधलेलं, 1915 सालचं, 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री खासबागेच्या बाजूनं ज्वाळा बघत उभे असलेल्यांत मीही होतो. नाटकाला शिट्ट्या मारणारी माणसं तिथं गप्प उभी होती. आणि आगीतून वाचलं ते पुण्याला गेलं. ‘प्रभात’ 1933 ला गेली, चित्रपटांचं राष्ट्रीय संग्रहालय 1964 पासून तिथंच. कोल्हापूरचा सिनेमा अभ्यासायला कोल्हापूरकरानं रजा टाकून पुण्याला जायचं, आणि परत येऊन ‘प्राथमिक स्रोत अपुरे’ हा शेरा वाचायचा. जळालेल्याची तळटीप कशी देतात, ते एकदा शिकवा म्हणावं.

असो. दीड तासाच्या रेकॉर्डिंगात काकांचा सव्वा तास. मोबाईल खिशात घालून मी उठलो, तेव्हा आजोबा पहिल्यांदाच आपणहून बोलले.

“इंटरव्हलला दार उघडलं की आतली गरम हवा तोंडाव यायची. तिच्यावरनं कळायचं, हाउसफुल हाय का अर्दं. तिकिटं मोजायला लागायची न्हाईत.”

मोबाईल बंद होता. घरी जाऊन मी ते आठवणीतून लिहिलं. मॅडमनी त्याला लाल कंस केला, ‘ध्वनिमुद्रित पुरावा?’ काकांच्या पाच पायऱ्यांपुढं मात्र ‘स्थानिक मोजपट्टी, विस्तार करा’. माझी लायकर्टची पट्टी आडवी रेघ मारून खोडलेली.

काल काकांना फोन लावला. “या गुरुवारी. पर रिकाम्या हातानं कट्ट्याव बसू नका, बरं दिसत न्हाई. किटली आना.”

किटली घेतली. हा खर्च प्रकल्पात कुठल्या शीर्षाखाली दाखवायचा, ते विचारायला मॅडमना फोन केला.

“किती लिटरची घेतलीत?” त्या म्हणाल्या. “मला पण एक लिटर आणा.”