मास्क ओढून बसून राहायचं नसतं, मावशी

मावशी पुढच्या आठवड्यात नातवंडांकडे शिकागोला निघाली आहे, आयुष्यात पहिल्यांदाच विमानाने. काल तिने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, "हे मी कागदावर उतरवून पर्समध्ये ठेवलंय." तेव्हा डोकं फिरलं.

त्यात चार सूचना आहेत. धूर दिसला की वरचा ऑक्सिजन मास्क ओढा आणि जागेवर बसून राहा. ओल्या रुमालाने विषारी वायू गाळला जातो. नव्या विमानांच्या सीट जळत नाहीत, म्हणून विषारी धूर होत नाही. अग्निशमन दल येईपर्यंत दार उघडू नका.

पहिली सूचना जिवावर बेतणारी आहे. ते मास्क केबिनमधला हवेचा दाब घसरला तर श्वास चालू राहावा म्हणून असतात, धुरासाठी नाहीत. त्यात नळीतून येणाऱ्या ऑक्सिजनमध्ये केबिनचीच हवा मिसळते. केबिनमध्ये धूर असेल तर मास्कमधूनही धूरच ओढणार तुम्ही. शिवाय आग लागलेल्या जागी ऑक्सिजन सोडणं म्हणजे आगीत तेल ओतणं.

आणि बसून राहायचं? २२ ऑगस्ट १९८५, मँचेस्टर. ब्रिटिश एअरटूर्सच्या बोइंग ७३७ ने उड्डाण केलंच नव्हतं. धावपट्टीवर वेग घेताना इंजिन फुटलं, त्याच्या तुकड्याने पंखातली इंधनाची टाकी भेदली. वैमानिकाने विमान थांबवलं, बंबही लगेच पोचले. तरी १३७ पैकी ५५ जण गेले, त्यातले ४८ धुराने. ब्रिटनच्या तपास संस्थेच्या अहवालात मुख्य कारण स्पष्ट आहे: दाट विषारी धुराने माणसं झटपट निकामी झाली, त्यात उजवं पुढचं दार अडकलं आणि दारांपर्यंतची वाट चिंचोळी, म्हणून उशीर झाला. कार्बन मोनॉक्साइड रक्तातली ऑक्सिजनची जागा बळकावतो. फोम, नायलॉन, लोकर जळताना निघणारं हायड्रोजन सायनाइड पेशींना ऑक्सिजन वापरूच देत नाही. माणूस जळायच्या आधी त्याचे पाय गळतात. विमान बनवणाऱ्यांना निम्मी दारं बंद ठेवून ९० सेकंदांत सगळे बाहेर काढून दाखवावे लागतात, ते उगाच नाही.

रुमालाचं अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. १९८३ साली सिनसिनाटीला उतरलेल्या एअर कॅनडाच्या पेटत्या विमानात ओले टॉवेल वाटले होते. काजळी आणि घशाला झोंबणारे, पाण्यात विरघळणारे वायू ओलं कापड थोडेफार अडवतं. कार्बन मोनॉक्साइड मात्र सरळ आरपार जातो. त्या विमानातल्या ४६ पैकी २३ जण वाचले नाहीत.

सीट न जळण्याची गोष्ट थापच. अग्निरोधक आवरणाने सीट उशिरा पेट घेते, इतकंच.

दाराबद्दल रियाध १९८० पुरे. हवेत असताना आग लागलेलं सौदिया या सौदी कंपनीचं विमान सुखरूप उतरलं होतं. दार उघडलं ते इंजिनं बंद झाल्यावर तब्बल २३ मिनिटांनी, बाहेरून. आतले ३०१ च्या ३०१ गेले.

मावशीला नवा कागद लिहून दिला आहे: बसल्याबरोबर पुढच्या-मागच्या दारापर्यंतच्या रांगा मोज, धूर असेल तर खाली वाक, कर्मचारी सांगतील त्या दाराने नीघ, पिशवी सोड. पहिल्या तीन गोष्टी तिला पटल्या. पिशवीत मेतकूट आहे, म्हणून चौथीवर अजून वाद चालू आहे.